निघोज्याच्या वीराला लागलेली खूण

रविवारी सकाळी चिंचवडहून जीप निघाली. आमच्या हौशी पुरातत्त्व मंडळाचं नवं काम सुरू होत होतं. चाकण पट्ट्यातल्या गावांनी आपापले वीरगळ (लढाईत पडलेल्यांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड) स्वतःच नोंदवायचे, आम्ही फक्त शिकवायचं. सुरुवात निघोज्यापासून. तिथला एक वीरगळ रुंद होणाऱ्या रस्त्याच्या अगदी कडेला आहे. नोंद झाली, तर तो हलवण्याआधी कुणीतरी विचारेल, एवढीच आशा.

कंपन्यांच्या भिंती संपल्यावर ज्वारीचं एक रान लागलं. पुढे बाभळीखाली तो दगड. तळाशी लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर पिंडीपुढे हात जोडलेला वीर. अंगावर ओली हळद.

"नातवाचं लगीन हाय," पारूबाई म्हणाल्या. वीराची पूजा त्यांच्याच घराकडे. "पयली हळद वीराला, मग नवऱ्याला."

"नवऱ्याला उरली नाही तर?" आमच्या वैशालीताईंनी विचारलं.

"त्यो आधीच पिवळा पडलाय, कंपनीत नाइट करून!"

सगळे हसले. त्यांच्याच ओट्यावर पिठलं-भाकरी झाली. मग मापं घेतली, फोटो काढले.

मी एका कारखान्यात तपासणीचं काम करतो. तपासलेल्या प्रत्येक पार्टवर पेंट-मार्करनं टिपका द्यायचा, हे हातात इतकं मुरलंय की खिशातला मार्कर कधी निघाला ते कळलंच नाही. वीरगळाच्या तळाशी, हळदीवर, पांढरा टिपका उमटला होता.

पारूबाई टिपक्याशी वाकल्या. "ह्ये काय केलं, भाऊ?"

"चुकलं, मावशी. तपासून झालं की खूण करायची सवय..."

"आमच्या वीराला तपासला? मग पास केला का नापास?"

थिनरनं पुसतो म्हणालो, तर वैशालीताईंनी हात धरला. दगड खराब झाला असता. शेवटी पारूबाईंनीच तेलात शेंदूर कालवून आणला आणि वाटी माझ्या हातात दिली. "झाका." मी झाकला. त्या निवळल्या नाहीत.

"बाकीचे दगड लिवा. ह्यो न्हाई."

"आजी, रस्ता येतोय," वैशालीताई म्हणाल्या. "नोंद नसेल तर..."

"ठावं हाय मला. पर लग्नाच्या तोंडावर त्याच्या अंगाला परक्याची खूण लागली. पुढल्या आठवड्यात लगीन नीट पार पडू दे. मग वीरालाच विचारीन."

त्यांच्यासमोरच आम्ही त्या वीरगळाचे फोटो पुसून टाकले.

परतताना तळवड्याजवळ जीप वाहतुकीत अडकली. "सवयीनं होतं असं, राव," मागून कुणीतरी म्हणालं. ती समजूतच जास्त लागली. गावाला त्याच्या दगडांविषयी बोलतं करायला गेलो आणि गाव ज्याला पहिली हळद लावतं, त्याला मी माल समजलो. सवयीनं झालं, हे खरं. पण सवय माझीच आहे. पारूबाईंनी नाही म्हटलेलं नाही, थांबा म्हटलंय. रस्त्याची यंत्रं मात्र वेशीपर्यंत आलेली आम्ही जाता-येता पाहिली होती. ती लग्नापर्यंत थांबणार नाहीत कदाचित, एवढं पारूबाईंना सांगायला हवं होतं. त्या वाटीनंतर ते सांगायचं तोंड मला उरलं नव्हतं.