हणमंतरावांची नऊ-तीनची रायफल

हणमंतराव गेल्याचं मला कोणी कळवलं नाही, फोनवर दिसलं. नालछ्याला एका जुन्या ओळखीच्या शेतकऱ्याची म्हैस बघून मी धारला परत येत होतो. वाटेत चहाला थांबलो, सवयीने फोन उघडला, तर हणमंतरावांच्या पुतण्याने, विक्रमने, स्टेटस लावलेलं. फोटोत हणमंतराव एका मेलेल्या नीलगाईच्या नराजवळ उभे, हातात रायफल, गळ्यात झेंडूचा हार, आणि खाली हिंदीत लिहिलेलं, 'मालवा का शेर नहीं रहा'. कोपऱ्यात हात जोडलेल्या विक्रमचा फोटो, काकांच्या फोटोपेक्षा मोठा. मला रडू आलं नाही. आधी शिसारी आली. या माणसाला जन्मात ज्या एका फोटोची लाज वाटत होती, नेमका तोच त्याच्या मरणाची बातमी घेऊन गावोगाव फिरत होता. चहा तसाच ठेवून मी गाडीत जाऊन बसलो.

मी गुरांचा डॉक्टर. आमचं घर धारचं, वाडवडील संस्थानाच्या दफ्तरात होते, घरात कांदासुद्धा जपून खाणारी माणसं. नोकरीत सरदारपूर वगैरे करत माझी देवासला बदली झाली, तेव्हा हणमंतराव आपली आजारी कुत्री कडेवर घेऊन दवाखान्यात आले, ती पहिली ओळख. ते एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम बघत. बोलणं बेताचं, हात मात्र कधी रिकामे नसत. त्यांचे आजोबा देवासच्या दरबारी शिकारखान्यावर होते, आणि त्याची खूण म्हणून बैठकीच्या भिंतींवर भुसा भरलेली मुंडकी टांगलेली. पावसाळ्यात त्यांना ओल चढायची, काचेच्या डोळ्यांभोवती बुरशी धरायची, आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासाखालून एक दुसरा, कुजका वास यायचा. त्या बैठकीत मला चहा घशाखाली उतरत नसे. वडील गेल्यावर हणमंतरावांनी पहिलं काम केलं ते म्हणजे ती सगळी मुंडकी वनखात्याच्या हवाली केली. भाऊबंद चिडले, खानदानाची इभ्रत घालवली म्हणाले. हणमंतराव मला म्हणाले की, लहानपणी त्या खोलीत जेवायला बसवलं की आपल्याला घास जायचा नाही, पण सांगायची सोय नव्हती. त्या दिवसापासून आमची खरी मैत्री झाली असं मी धरून चालतो.

म्हणून हाच माणूस पुढे शिकारीची रायफल करायला बसला, तेव्हा मी काही महिने त्यांच्याशी धड बोललो नाही... पण त्याआधीचं सांगायला हवं.

देवासच्या पुढे त्यांची थोडी शेती होती. नीलगाईला आमच्या माळव्यात रोजडा म्हणतात. रोजड्यांचे कळप हरभऱ्यात, गव्हात उतरतात, खातात त्याहून जास्त तुडवतात. लोक वैतागलेले असतात, ते समजण्यासारखं आहे. एका हिवाळ्यात हणमंतरावांनी मला शेतावर बोलावून घेतलं. हरभरा फुलावर आलेला, आणि त्यात एक रोजडी बसलेली. कुणीतरी भरमार, म्हणजे ठासणीच्या, बंदुकीने तिच्यावर छर्रे उडवले होते. खालचा जबडा लोंबत होता, पोटातल्या जखमेत अळ्या वळवळत होत्या, वास पार बांधापर्यंत येत होता. आम्हाला वाटलं मेली आहे. जवळ गेलो तेव्हा तिने कान हलवले. मी आयुष्यभर गुरांच्या जखमा धुतल्या आहेत, पण त्या दिवशी इंजेक्शन भरताना माझीही नजर दुसरीकडे जात होती. तिचा जीव गेल्यावर मागे पाहिलं तर हणमंतराव नव्हते. विहिरीच्या पलीकडे वाकून ओकत होते. तोंड धुऊन आले आणि बराच वेळ तिच्या जबड्याकडे बघत राहिले.

"डॉक्टर, मारायचंच असेल तर नीट मारता यायला हवं," ते म्हणाले.

मी म्हटलं, मारूच नका. त्यावर ते शांतपणे म्हणाले की, मी न मारल्याने हे थांबणार आहे का? पिकासाठी परवानगी काढून मारता येतं, लोक काढतात, आणि ज्यांना मिळत नाही ते चोरून बार उडवतात. ज्याला नेम नाही, ज्याच्याकडे धड हत्यार नाही, तोच पुढे असतो. आणि मग जनावर आठवडाभर असं कुजत बसतं. मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही.

आजोबांची एक जर्मन रायफल घरात परवान्यावर होती. नळी आतून गंजाने खाल्लेली, पण काडतूस आत ढकलणारा बोल्ट आणि तो ज्यात फिरतो तो पोलादी सांगाडा अजून लोण्यासारखा चालत होता. त्यावर नवी नळी बसवायची असं त्यांनी ठरवलं. सगळ्यांनी सल्ला दिला, अरे भिया, इथल्या दुकानात मिळतं त्या काडतुसाची बसवा. यांनी हट्ट धरला नऊ पूर्णांक तीनचा. नऊ पूर्णांक तीन मिलिमीटर जाडीच्या गोळीचं हे जुनं जर्मन काडतूस, युरोपात रानडुकरांसाठी आणि मोठ्या हरणांसाठी वापरतात, आपल्याकडे बंदूकवाल्यांनीही ते क्वचित पाहिलेलं. गोळी जाड आणि जड, वेग बेताचा. त्यांच्या मते म्हशीएवढ्या रोजड्याला जागच्या जागी खाली बसवायला हेच योग्य होतं. जखमी होऊन पळालेलं जनावर त्यांना नको होतं, आणि त्या एका गोष्टीसाठी त्यांनी परवानगीच्या कागदांमागे, परदेशातून यायच्या नळीमागे आणि इंदूरच्या एका परवानाधारक कारागिराच्या मागे कित्येक वर्षं घालवली.

खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता मात्र स्वतः घडवला. काश्मिरी अक्रोडाची फळी आणली आणि मागच्या ओसरीवर कानस घेऊन बसले. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, डोळे उघडायचे, नळीच्या टोकावरची नेमाची माशी आपोआप नजरेच्या रेषेत आली नाही तर पुन्हा लाकूड घासायचं. मग जवसाचं तेल, हाताने, रोज थोडं थोडं, महिनोन् महिने. सुमनवहिनी म्हणायच्या की, घरात सवत आणली असती तरी एवढे लाड झाले नसते. बाळाला न्हाऊ घालण्याआधी तेल लावतात तसं ते त्या दस्त्याला चोळू लागले की मी ओसरीवरून उठून जायचो. एकदा त्यांनी ती माझ्यापुढे धरली. लाकडाच्या रेषा ओल्या मधासारख्या दिसत होत्या. मी हात मागे घेतला. म्हटलं, इतकी देखणी वस्तू आणि इतक्या घाणेरड्या कामासाठी.

"घाणेरडं काम आहे म्हणूनच," एवढंच ते म्हणाले, आणि ती पुन्हा कापडात गुंडाळून ठेवली.

निवृत्तीनंतर ते चांदमारीवर कागदावर नेम धरत राहिले. पुढे गावाच्या अर्जावर रीतसर परवानगी आली, यांचं नाव नेमबाज म्हणून लागलं, आणि त्यांनी मला यायला सांगितलं. मी आधी नाही म्हटलं. मग वाटलं, काही चुकलं तर निदान माझ्याकडे इंजेक्शन असेल. थंडीची सकाळ होती, गव्हावर दव. काळपट निळा, दांडगा नर बांधाशी उभा होता. हणमंतराव एका बाभळीला टेकून इतका वेळ थांबले की मला वाटलं, आता हे उठून घरी जातील. मग बार झाला. रोजडा उभ्या जागी गुडघ्यावर आला आणि कलंडला. मी धावलो, डोळ्याला बोट लावून पाहिलं. संपलं होतं. वेदनेचा एक आवाजसुद्धा निघाला नाही. इतकं स्वच्छ मरण मी माझ्या औषधांनीही क्वचित देऊ शकलो असेन, आणि हे कबूल करताना मला आनंद होत नाही. हणमंतराव आले, रायफल रिकामी केली, खांद्यावरचा पंचा काढून जनावराच्या तोंडावर पांघरला.

एवढ्यावर थांबलं असतं तर...

बार ऐकून मोटरसायकली आल्या. पुढे विक्रम. शेजारचं शेत त्याचंच, आणि तेव्हा तो पक्षात कसलासा पदाधिकारी झालेला. त्याने पंचा ओढून बाजूला फेकला. एकजण जनावराच्या पोटावर चढून बसला, दुसऱ्याने त्याच्या ओठांत पेटती सिगरेट खोचली, कोणी जीभ ओढून बाहेर काढली आणि तिच्याबरोबर स्वतःची जीभ काढून फोटो घेतला. हसणं चाललेलं. कुणी देवीपुढचा हार उचलून आणला होता, तो हणमंतरावांच्या गळ्यात पडला, आणि विक्रमने त्यांच्या हातात रायफल आडवी धरायला लावली. "काकासाहेब, जरा छाती पुढे काढा ना, पूरा मालवा देखेगा," तो म्हणाला. त्या फोटोत हणमंतरावांची मान खाली आहे. लोकांना तो विनय वाटतो. मी शेजारी उभा होतो. ते त्या पोटावर बसलेल्या माणसाला म्हणत होते, ऊठ रे बाबा त्याच्यावरून, ऊठ. त्यांचा आवाज कुणाला ऐकूच गेला नाही.

त्यानंतर फोन सुरू झाले. कुणाच्या लग्नात वरातीपुढे बार काढायला या, दसऱ्याच्या शस्त्रपूजेला ती जर्मन चीज आणा, एका पुढाऱ्याला फक्त हातात धरून रील काढायचं आहे. हणमंतराव फोन बंद करून एक दिवस बसने माझ्याकडे धारला आले. जेवले नाहीत. खिडकीशी बसून म्हणाले, "डॉक्टर, मी इतकी वर्षं खपून त्यांना एक खेळणं करून दिलं." मला त्या वेळी 'मी सांगत होतो' असं म्हणता आलं असतं. त्यांचा चेहरा बघून म्हणावंसं वाटलं नाही.

पुढच्या वर्षी परवानगी पुन्हा आली. त्यांनी अट घातली की शेतात कुणी येणार नाही, फोन तर नाहीच. गावात कुणालाच ते मान्य नव्हतं. मग ते गेले नाहीत, आणि विक्रमच्या टोळक्याने कुठूनशी बंदूक आणून आपली हौस भागवली. चार दिवसांनी हणमंतरावांच्याच गव्हात एक नर सापडला, मागचा पाय मांडीतून लोंबत असलेला, माश्यांनी काळा झालेला. तोच वास. मी इंजेक्शन देत असताना ते बाजूला उभे होते, आणि त्यांनी मला विचारलं की, मी आलो असतो तर हा असा मेला नसता ना? मी सुई काढून पिशवीत ठेवली. गेलं तरी घाण, न गेलं तरी घाण, यातून सुटायला त्यांना जागाच उरली नव्हती. रायफल त्यांनी कपाटात ठेवली ती पुन्हा काढली नाही.

गेले ते हृदयविकाराने, सकाळी अंगणात दात घासताना. तेराव्याला मी देवासला होतो. पंगत उठायची होती, लोक विड्यावर होते, आणि विक्रम वहिनींच्या समोर येऊन बसला. म्हणाला, "काकीसाहेब, ती रायफल आता माझ्या नावावर करून घेऊ. खानदान की निशानी है, बाहेर जाता कामा नये." एरवी बैठकीत पुरुषांसमोर मोठ्याने न बोलणाऱ्या सुमनवहिनींनी हातातलं तबक खाली ठेवलं.

"ती ठाण्यात जमा केली. मोडून टाका, असं सहीनिशी लिहून दिलंय."

विक्रमचा चेहरा पडला. मग तो त्या वस्तूची किंमत काय होती, कोण कोण मागत होतं, हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत राहिला. जाता जाता म्हणाला, बाईमाणसाला काय कळतं. वहिनी पाहुण्यांना विडे देत राहिल्या.

रायफल ठाण्यात न्यायला वहिनींबरोबर मीच गेलो होतो. ती मी त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतली. दस्ता तळव्यात असा बसला की जणू माझाच हात मापून घडवला होता. मला तिचा तिटकारा होता, अजून आहे. तरी टेबलावर ठेवताना बोटं लगेच सुटेनात, आणि त्याचाही मला राग आला. ती मोडली का, कधी मोडणार, हे आम्ही पुन्हा विचारलेलं नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींनी शेतावर बोलावलं. शेवटची दोन वर्षं हणमंतराव रोज पहाट सरली की शेतावर यायचे, रोजडे हुसकायला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा एका काठीने बडवत बांधाबांधाने फिरायचे. लोक हसायचे, विक्रमला तर काकांना असं बघून लाज वाटायची. आम्ही पोचलो तेव्हा कळप हरभऱ्यात उतरलेला होता. वहिनींनी खोपटाच्या दारामागून डबा काढला. त्याची एकच बाजू आतवर चेपलेली होती, रोज त्याच जागी काठी बसून. वहिनींचीही काठी आपसूक तिथेच पडू लागली. रोजड्यांनी माना वर केल्या, आमच्याकडे पाहिलं, घाई न करता आणखी दोन घास घेतले आणि मग एकेक करून बांध ओलांडून विक्रमच्या शेतात गेले. वहिनी थोडा वेळ तशाच डबा वाजवत राहिल्या.