घायपातीवरच्या फुलवाती

हे विश्वंभरा, ज्या बोटांनी तू पाकळीची कड मऊ केलीस, त्याच बोटांनी काट्याचे टोकही घडवलेस. पाकळीत तू, काट्यातही तू. त्या तुझ्या काटेरी रूपाला आधी वंदन करतो आणि मग आंजी मोठी गावच्या मंदाबाईंचे नाव घेतो.

मंदाबाई या किराणा दुकानदार प्रभाकररावांच्या पत्नी. त्यांच्या अंगणाच्या दक्षिण कोपऱ्यात एक घायपात आहे. निळसर, मांसल पानांचे हात चहूकडे पसरून ती जणू समाधी लावून बसली आहे. केळझरच्या गणपतीचे दर्शन घेऊन परतताना प्रभाकररावांनी नातलगाच्या शेताच्या धुऱ्यावरून तिचे बोटभर पिल्लू ओल्या गोणपाटात गुंडाळून आणले होते. मुरूम आणि रेती कालवून त्यांनी ते उंचवट्यावर लावले. "हिले लाड चालत नाई," ते म्हणत, "पाणी कमी, ऊन पोटभर." बुडाशी फुटलेली पिल्ले त्यांनी गावभर वाटली, आई मात्र जागची हलवली नाही. आज ती माणसाच्या खांद्याला लागते आणि प्रत्येक पानाच्या शेंड्याला दाभणासारखा काटा आहे.

पुढे काचबिंदूने प्रभाकररावांची दृष्टी नेली. दुकान मुलाने, निकेशने, सांभाळले. प्रभाकररावांना उरली ती सकाळची घायपात. तिची पाने उमलण्याआधी एकमेकींना घट्ट बिलगलेली असतात, म्हणून एका पानाच्या कडेच्या काट्यांची नक्षी दुसऱ्या पानाच्या पाठीवर कायमची उमटते. आईच्या बांगड्यांचा वळ निजलेल्या लेकराच्या गालावर उमटावा, तशी. त्या नक्षीवरून बोटे फिरवीत ते म्हणत, "हे वाचाले डोये लागत नाई वं!"

एके दिवशी शेंड्याचा काटा तळहातात खोल रुतला. रक्त पाहून निकेश घाबरला.

"बाबा, उद्या डोयात गेला तं?"

"तिथं आता काय उरलं लेका, चोरून न्याले?"

"हसण्यावारी नका नेऊ. येत्या रविवारी मी हिले मुळासकट काढतो."

 त्या दुपारी प्रभाकरराव ओसरीवर बसून होते आणि त्यांची बोटे स्वतःच्याच गुडघ्यावरून फिरत होती, नसलेली नक्षी शोधीत. मंदाबाईंनी ते पाहिले.

देवळासाठी फुलवाती वळणारे ते हात! त्यांनी कापसाचा पेळू घेतला आणि शेंड्याच्या प्रत्येक काट्याला वात वळावी तशी पांढरी टोपी घातली. कुंपणापलीकडून शेजारची कांता हसली, "काकू, घायपातीले बोंडं लागली का वं? हिंगणघाटच्या जिनिंगले कवा धाडता?"

"आधी देवाच्या वाती होऊ दे. मंग तुयाच गाडीत भरू."

सांज झाली. तिरपे ऊन त्या शुभ्र टोकांवर उतरले आणि अंगणात आरती मांडल्यासारखे वाटले. दिवे अजून लावायचे होते, पण उजेड आधीच आला होता.

सकाळी पाहावे तो टोके उघडी! इवलाले शिंजीर पक्षी कापूस ओढून शेजारच्या डाळिंबातल्या घरट्यात नेत होते. मंदाबाईंनी पुन्हा वळला, पाखरांनी पुन्हा नेला.

"आई, पाखराईच्या गाद्या भरून राह्यली का तू?"

"भरू दे बापा. त्याईच्याही घरी लेकरं हायेत."

रविवार उजाडला. निकेशने कुदळ काढली. निरोप घ्यायला प्रभाकरराव अंगणात उतरले. टोकांवर कापसाचे चार तंतूच उरले होते. मंदाबाई पेळू घेऊन नुकत्याच दारात आल्या होत्या. म्हातारा हात पुढे करून सरळ काट्यांकडे निघाला. निकेश ओरडणार, तोच आईने त्याचे मनगट धरले.

वीतभर अलीकडे प्रभाकरराव थांबले. कान कलता केला. हसले. मग हात खाली नेऊन, काट्याच्या खालून, अलगद पानाच्या पाठीवर ठेवला. रोजच्या त्या माणसाला पाखरे भ्यालीही नाहीत.

"काऊन थांबले बाबा?"

"पाखरं टोकावर बसून कापूस ओढून राह्यली ना! जिथं चिवचिव, तिथं काटा. हात खालून घालाचा."

निकेशने कुदळ भिंतीला टेकवली. बराच वेळ तो वडिलांची बोटे पाहत राहिला.

"आन् पिल्लं उडून गेल्यावर चिवचिव कोण करन?" त्याने हळूच विचारले.

 मग तो दुकानात गेला, मातीचे पसरट भांडे घेऊन आला, घायपातीवर झुकलेल्या डाळिंबाच्या फांदीला शिंक्यात टांगले आणि पाण्याने भरले. "तहान तं बाराही महिने लागते," तो म्हणाला, "कोणी ना कोणी येतच राहीन."

मंदाबाई मात्र अजूनही रोज कापूस वळतात.

हे दयाघना, या माउलीच्या बोटांतली ऊब कधी सरू देऊ नकोस. प्रभाकररावांच्या कानी पाखरांची वाणी आणि निकेशच्या हाती पाण्याची घागर अखंड राहो. या घरातल्या प्रत्येक काट्याला अशीच एक फुलवात लाभो आणि या अंगणात तुझा उजेड नांदो.