दोनदा झाल्याबिगर

कोपरखैरण्यात आमच्या समोरच्या दारात राहणारे काका बाजारात न आलेली ऑपरेटिंग सिस्टीम घरच्या कॉम्प्युटरवर तपासतात आणि सापडलेल्या चुका कंपनीला कळवतात. ती चालू करायचा कोड, म्हणजे ॲक्टिव्हेशन की, ते कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहितात, कारण मुदत संपली की खोडायची असते. त्यांचा एक हट्ट मात्र मला कधीच पटला नाही: "दोनदा झाल्याबिगर चूक म्हनायची नाय."

रविवारी मी गेलो, तेव्हा त्या सिस्टीमच्या नव्या ड्रायव्हर-प्रोग्रामने त्यांची हार्ड डिस्क नुकतीच पुसून टाकली होती. वारलेल्या काकूंचे सगळे फोटो तिच्यात होते. त्यांची एकमेव दुसरी प्रत असलेली डिस्क काकांच्या हातात होती, आणि ती ते त्याच कॉम्प्युटरला लावत होते.

"काका, वेड लागलंय का? कोरी डिस्क लावा!"

"कोरीवर होत नाय. बगितलं मी."

मी त्यांचा हात धरेपर्यंत स्क्रीनवर तीही रिकामी दिसली. काकांनी चष्मा पुसला आणि कंपनीच्या फॉर्मवर सावकाश टाइप केलं: दोनदा झालं.

मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुज्या मोबाइलात हिचा एकादा फोटो हाय का रं?"