बोटवाल्याच्या बायकोचे केस

मी विभूतीनं चांदी घासायला घेतली की त्या कोरड्या वासाबरोबर मला लातूरचं ते दुष्काळी वर्ष आठवतं. जिल्हा नवाकोरा होता आणि पाणी टँकरचं.

आमच्या ह्यांचं कापडाचं दुकान होतं, पण नाद भलताच होता. शंभर वर्षांपूर्वी बोटीवर इंजिनिअर असलेल्या एका गोऱ्या साहेबाच्या वस्तू ते जमवायचे. हैदराबादच्या जुन्या बाजारातून त्याचा चष्मा आणला, दाढीचा ब्रशसुद्धा आणला. समुद्र आम्ही दोघांनीही कधी पाहिला नव्हता.

आम्ही लिंगायत; माझ्या गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीची बिजागरी तुटली होती. दोऱ्यानं बांधून चालवत होते. त्या दिवशी हे हैदराबादहून आले तर हातात छोटी गोल चांदीची डबी. त्यांचे पाय धुवायला राखलेला पाण्याचा तांब्या खाली ठेवून मी ओंजळ पुढं केली.

डबी उघडली तर आत तांबूस केसांची बट.

"कुणाचे हाईत?"

"साहेबाच्या बायकोचे. बोटीवर गळ्यात घालून फिरायचा म्हणे बिचारा."

इतका मऊ आवाज मी लग्नापासून ऐकला नव्हता. तांब्यातलं पाणी मी परत रांजणात ओतलं.

आता हे नाहीत. डबी मीच घासते. परवा नातीनं ती उघडून विचारलं, "आज्जी, कुणाचे केस गं?"

"माझे," मी म्हणाले. "तुझे आजोबा गळ्यात घालूनच दुकानात जायचे."