दुधाच्या साखरेची काळी बिअर

सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरात सरकारी कचेरीत नक्कलकारकून होतो आणि सुट्टीच्या दिवशी चोरून बिअर करत होतो. साधी नव्हे. काळी, गोडसर, कॉफीच्या वासाची. लष्करातून परतलेल्या मामांनी तसली एक बाटली पाजली होती. 'याला स्टाउट म्हणतात,' ते म्हणाले आणि माझ्या डोक्यात खूळ शिरलं. दिवसभर दुसऱ्यांचा मजकूर उतरवून काढायचा. निदान एक गोष्ट तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत माझी असावी, असं मला फार वाटायचं.

माझा एक शाळेपासूनचा दोस्त होमिओपॅथीच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. जवळच्या उचगावात त्याच्या घराची मागची खोली रिकामी होती, ती त्यानं दिली. मी जव भिजवून मोड आणायचो, वाळवायचो, त्यातले मूठभर लोखंडी कढईत काळेकुट्ट भाजायचो. यीस्ट बेकरीतून, कडवटपणाला काष्ठौषधीच्या दुकानातलं काडेचिराईत. कॉफी उकळून घातली की घसा धरायचा. ती थंड पाण्यात भिजवून शेवटी गाळून घालायची, हे मला तिसऱ्या खेपेला उमगलं.

गोडीसाठी मात्र मी गूळ घालत होतो. कोल्हापूरचा माणूस, हात दुसरीकडं जाणार कुठं? यीस्टनं सगळा गूळ फस्त केला. गोडीचा पत्ता नाही, वर दोन बाटल्या फुटून भिंत रंगली.

"गुळाचा नाद सोड की," दोस्त म्हणाला. "आमच्या पुड्यांत दुधाची साखर असतीया. ती घालून बघ."

घातली. यीस्टनं तिला तोंड लावलं नाही आणि गोडी जशीच्या तशी राहिली. ते श्रेय त्याचं, मी कधी नाकारलं नाही.

पाचव्या खेपेला बिअर अशी जमली की मी खोलीत एकटाच हसलो. येत्या रविवारी मटणाच्या जेवणाला जमणाऱ्या आमच्या रस्सा मंडळाला पाजायची, असं ठरलं.

"फकस्त तुझं नाव घ्यायचं न्हाय," दोस्तानं बजावलं. "सरकारी नोकरी हाय तुझी. उद्या लफडं झालं तर? कुनी विचारलं तर मीच केली म्हनून सांगतो." मला भरून आलं. असा दोस्त कुणाला मिळतो, असं वाटलं.

रविवारी दुपारी मळ्यावर मटण शिजत होतं. पहिल्या घोटानंतर सगळ्यांनी पेले लगेच पुन्हा तोंडाला लावले. मग एकजण म्हणाला, "आयला, कुनी केली ही?"

"मी!" दोस्त म्हणाला. जव, कढई, थंड पाण्यातली कॉफी, सगळं त्यानं रंगवून सांगितलं, थेट माझ्याच शब्दांत. लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते. माझा जीव जळत होता, पण ठरल्याप्रमाणंच बोलतोय, अशी मी मनाची समजूत घातली.

जेवणं झाल्यावर मंडळी गेली. आम्ही दोघं विहिरीवर बाटल्या धूत बसलो. मी म्हटलं, "काय सोंग वठवलंस रे! क्षणभर मलाच खरं वाटलं."

त्यानं हातातली बाटली खाली ठेवली. "सोंग कसलं? साखर कुनाची? खोली कुनाची? तू नुस्ता गूळ वतत बसलतास."

आता तो हसेल म्हणून मी त्याच्या तोंडाकडं पाहत राहिलो. तो हसला नाही. आणि त्या विहिरीवर ऐकायला तिसरं कुणीही नव्हतं.