चालू दिवसांत कोण फिरायला जातं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चादरीची घडी. संक्रांत होऊन महिना झाला होता. दुपारचे चार वाजले असतील. सुरतेत नवागामच्या आमच्या घराच्या गच्चीवर मी बसलो होतो आणि दोरीवर डबलबेडची चादर वाळली होती. ही डबलबेडची हौस सुनेची. आम्ही आयुष्य सतरंजीवर काढलं, सतरंजीची घडी एकटा माणूस करतो. चादरीला दोघं लागतात. बायको वर आली, माझ्या दंडाला धरून मला उठवलं आणि दोन टोकं माझ्या हातात दिली.

हाक मारून उपयोग नव्हता. मी चाळीस वर्षं लूमच्या खात्यात काढली. एका शेडमध्ये तीस माग, सगळे एकदम चालू, आणि त्यात बारा तासांची पाळी. माझे कान तिथेच गेले. मुलाने कानात घालायचं मशीन आणून दिलं, त्यातून सगळी माणसं पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखी वाटतात. मी ते काढून ठेवलं. बायकोचे ओठ मला वाचता यायचे, बाकी कुणाचे नाही, त्यांना कानाशी ओरडावं लागतं. बाकीचे वाचावं असं काही बोलतही नाहीत.

तर चादर ताणून धरली आणि तिने पुन्हा तोच विषय काढला. वेंगुर्ल्याचा.

वेंगुर्ल्याला आमचं कोणी नाही. आम्ही खानदेशातले. सुरत सोडून आम्हाला एकच दिशा माहीत, भुसावळकडे जाणारी गाडी. त्या गाडीत दाराशी उभं राहून गावाला जायचं, लग्न नाहीतर मयत करायचं आणि परत यायचं. पण बायको एका बँकेतल्या साहेबाच्या घरी अकरा वर्षं स्वयंपाकाला होती. ते कोकणातले. साहेब रिटायर झाले, ते आणि त्यांच्या बाई वेंगुर्ल्याला राहायला गेले. त्या बाई दर रविवारी हिला फोन करायच्या. समुद्र असा, वाळू तशी, ये एकदा. रविवारचा फोन झाला की सोमवारपर्यंत हिच्या तोंडात वेंगुर्ला.

मी म्हणायचो, समुद्र आपल्याला डुमसला आहे. तिथे जाऊन काय करतो आपण? काळ्या वाळूत उभं राहतो, टमाट्याची भजी खातो, आणि रिक्षावाल्याशी भांडून घरी येतो. ती म्हणायची, तो समुद्र नाही, चिखल आहे. हे मात्र खरं होतं.

आमच्या घरात सगळ्यांनी या प्रवासाचा बेत केला आणि एकाच्याही डोक्यात माती कमी नव्हती. मुलाकडे फोन. त्याने बोटाने टिचक्या मारल्या आणि सांगितलं, हायवेने चौदा तास, मध्ये कुठे थांबायची गरज नाही. फोनला कुठे लघवी लागते? त्याच्या सासऱ्याचा मुलगा, म्हणजे सुनेचा भाऊ, त्याची सात सीटची गाडी. तो वराछाला साड्यांचं दुकान चालवतो आणि कोणत्याही विषयावर बोलतो. वेंगुर्ल्यात काही नाही, म्हणाला, तिथे नुसता एक फोटो काढायचा आणि पुढे गोव्याला जायचं, हॉटेलात पोहायचा हौद आहे. समुद्राला जायचं आणि हौदात पोहायचं. त्याचं दुकान चालतं कसं, मला कळत नाही.

बायकोचा बेत निराळा होता. तिला लिहिता येत नव्हतं, पण बाईंना विचारून विचारून तिने सगळा रस्ता डोक्यात घातला होता. हायवे नको. समुद्राकडेने जायचं, गाव गाव थांबत. वलसाडजवळचं तिथल, डहाणू, मग मुंबई टाकून अलिबाग, मुरूड, हर्णै, गुहागर, असं करत वेंगुर्ला. मध्ये खाड्या लागतात तिथे गाडी बोटीत चढवतात, आणि गाडीसकट माणसं पलीकडे जातात. या गोष्टीचं तिला फार अप्रूप होतं. दिवसातून एकदा तरी ती मला सांगायचीच, गाडी बोटीमा, आनि आपन गाडीमा. मी म्हणायचो, मग आपण गाडीत बसतो की बोटीत, ते ठरव.

साडीच्या खोक्यातला एक पुठ्ठा होता. त्याच्यावर तिने माझ्याकडून हे सगळं लिहून घेतलं. मी चौथी शिकलेला. ती सांगे आणि मी लिही. कुठे किती थांबायचं तेही तिने लिहायला लावलं, आणि मी लिहिताना प्रत्येक गावाला नावं ठेवली. आठ दिवस लागतील, म्हणाली. मुलाने पुठ्ठा बघितला आणि हसला. म्हणाला, "आई, एवढ्यात तर माणूस दुबईला जाऊन येतो."

तो गेलेला नाही दुबईला. हिशोबाच्या नोकरीतून त्याला उधनाच्या पुढे जायला वेळ नाही.

पण मुलाला हसून मी मोकळा होत नाही. प्रवास अडवला मी. हे लिहायचं म्हणूनच मी हे लिहायला बसलो.

आमच्या लोकांत प्रवासाला एकच वेळ, दिवाळी. दिवाळीला मार्केट बंद, खाती बंद, शेठ बंद. त्या पंधरा-वीस दिवसांत सगळं सुरत गावाला जातं. एरवी चालू दिवसांत तुम्ही दोन दिवस खाडा केला तर तिसऱ्या दिवशी तुमच्या मागांवर बदली माणूस उभा असतो, आणि तो तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. म्हणून चालू दिवसांत पिशवी घेऊन निघालेला माणूस दिसला की आम्ही समजायचो, एक तर याला काढलं, नाहीतर याच्याकडे कोणी मेलं. दुसरं कारण नसतंच. माझा बाप मेला तेव्हा मी तीन दिवसांनी परत आलो, तरी दोन माग गेलेच.

त्या दुपारी चादर धरून बायको म्हणाली, आता जाऊ. उन्हाळा लागायच्या आत. मी म्हणालो, दिवाळीला. ती म्हणाली, दिवाळीला सगळीकडे गर्दी. मी म्हणालो, असू दे गर्दी, चालू दिवसांत कोण फिरायला जातं? खाती चालू आहेत.

घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. माझं मी इथे सरळ करून लिहितो, तिचं मला सरळ करवत नाही. ती चादरीची टोकं घेऊन माझ्याजवळ आली, माझ्या हातातली टोकं घेतली आणि तोंड माझ्यासमोर धरून म्हणाली,

"खातं चालू शे ते ऱ्हाऊ द्या चालू. तुम्हीन सात वरीस व्हयनात घर बसेल शेतस. तुमनी वाट कोन दखी ऱ्हायनं तठे?"

खरंच सात वर्षं झाली होती. कान गेले तसं शेठने मला घरी बसवलं. सात वर्षांत खात्यातून एक माणूस मला विचारायला आला नाही. त्या मागांवर आता बिहारचं पोरगं असेल, नाहीतर ते माग भंगारात गेले असतील. माझी वाट कुणीही बघत नव्हतं. आणि तरी मी गच्चीवर उभा राहून खातं बंद होण्याची वाट बघत होतो. इतका मूर्ख माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि मी खात्यात पुष्कळ पाहिलेत.

मी काय केलं? चादरीत एका जागी बाणा, म्हणजे आडवा धागा, सुटला होता, ते तिला दाखवलं. म्हणालो, बघ, कसला माल घेतात हे लोक. ती म्हणाली, सरळ धरा. घडी झाली. चादर घेऊन ती खाली गेली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला दारात तांदूळ निवडत बसली होती, ती चौकटीला टेकली. मला वाटलं झोप लागली. रिक्षातून नेलं. डॉक्टरने हात लावला आणि पुढच्या पेशंटकडे वळला.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल चांगलं लिहिण्यासारखं काही नाही. गावाकडून माणसं आली. रोज चहाचं पातेलं चुलीवरून उतरत नव्हतं. जो येई तो माझ्या कानाशी येऊन ओरडे की देवाला चांगली माणसं लागतात. म्हणजे मी देवाला नको आहे, हे गल्लीत सगळ्यांना ऐकू जाई. तिची एक चुलतबहीण सारखी विचारत होती, शेवटचं काय बोलली. मी सांगितलं, सरळ धरा म्हणाली. तिने ते सगळ्यांना सांगितलं. संध्याकाळपर्यंत त्याचा अर्थ निघाला की तिने मला सन्मार्ग धरायला सांगितलं.

वेंगुर्ल्याच्या बाईंचा रविवारी फोन आला. सुनेने घेतला. बाई बराच वेळ बोलल्या नाहीत, असं सून म्हणाली. या एका बाईला गप्प बसण्याची अक्कल होती.

उत्तरकार्य आणि सुतक संपवणारी गंधमुक्ती एकाच दिवशी उरकली. मंडप घातला, जेवणं झाली, आणि मुलाच्या हातात माईक आला. माईक होता म्हणूनच मला ऐकू आलं. तो म्हणाला, आईची एक इच्छा राहून गेली, ती आम्ही पूर्ण करणार. येत्या दिवाळीच्या सुट्टीत सगळं घर कोकणात जाणार, तीन गाड्या. सुनेच्या भावाने माईक घेऊन सांगितलं की गाड्यांच्या मागच्या काचेवर आईचा फोटो मोठा करून लावू, खाली लिहू, आईची इच्छा. आणि बापू, म्हणजे मी, पुढच्या सीटवर बसतील, फोटो मांडीवर घेऊन. लोकांनी माना हलवल्या. एक जण रडला. वेंगुर्ल्यात एक रात्र, मग गोवा.

दिवाळी. माझीच दिवाळी माझ्या पोराच्या तोंडातून माईकवर आली. त्याला तरी काय बोलणार? त्याने हे माझ्याकडूनच उचललं. जन्मापासून त्याने बापाला दिवाळीशिवाय कुठे जाताना पाहिला नव्हता.

माणसं पांगल्यावर मी मुलाला बोलावलं. सुनेचा भाऊपण आला, कारण तो सगळीकडे येतो. मी म्हणालो, फोटो लावू नका आणि मला त्यात धरू नका. तिला तीन गाड्या नको होत्या. तिला गोवा नको होता. तिला आठ दिवस हवे होते आणि माझ्याशिवाय कोणी लागत नव्हतं.

मुलगा म्हणाला, "बापू, मग तुमचं काय म्हणणं आहे? कधी जायचं?"

"उद्या."

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग आणखी जोरात ओरडला, "सव्वा महिना घर सोडायचं नसतं, बापू. लोक काय म्हणतील? आणि मला सुट्टी कुठे आहे?"

मी म्हणालो, "तुला कोणी बोलावलं आहे?"

सुनेचा भाऊ मध्ये पडला. म्हणाला, काका, या वयात बसने कुठे जाता, कान नाहीत, कंडक्टर काय बोलला ते कळणार नाही. मी त्याला सांगितलं, कंडक्टर तुझ्यापेक्षा कमी बोलतो. मग सून आली, तिने मशीन माझ्या हातात ठेवलं आणि रडायला लागली. ती बरी आहे. डबलबेड सोडला तर तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. मुलगा गच्चीवर गेला आणि बराच वेळ खाली आला नाही. त्याला वाटलं असेल की सकाळपर्यंत म्हातारा विसरेल.

सकाळी सहाला उठलो. अंघोळ केली. सून चहा करायच्या आधी निघालो, कारण चहा झाला असता तर परत रडणं झालं असतं. पिशवीत दोन कपडे, पुठ्ठा आणि मशीन. गल्लीत दिवसपाळीची माणसं डबे घेऊन निघाली होती. त्यातल्या दोघांनी माझी पिशवी पाहिली आणि एकाने हाताने विचारलं, कुठे? मी हात हलवला आणि पुढे गेलो. त्याला जे समजायचं ते समजला असेल.

डेपोत वलसाडची बस मिळाली. वलसाडला उतरून रिक्षाने तिथलला गेलो. पाणी मागे गेलेलं होतं. वाळू काळी. डुमसपेक्षा निराळं काही नाही, फक्त भजीवाले अजून उठले नव्हते. एक कुत्रं होतं आणि एक मंदिर. इथे थांबण्यासारखं बाईंनी तिला काय सांगितलं होतं, देव जाणे. पुठ्ठा काढून बघितला. माझ्याच वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, तिथल, दोन तास.

बाकावर बसलो आणि मशीन कानात घातलं. दोन तास बसलो. मग उठून डहाणूच्या बाजूची गाडी कुठून मिळते ते विचारायला गेलो.