शिशाचा उजेड

मामा गेल्याची चिठ्ठी शिपायाने प्रयोगशाळेत आणून दिली. मी आधी समोरचे निरीक्षण वहीत नोंदवले आणि मग भांडुपला निघाले. मृत्यूचे कारण मला कुणाला विचारावे लागणार नव्हते…

मामा शाळेत चित्रकला शिकवी. जुन्या डच चित्रकारांचे एकही मूळ चित्र त्याने पाहिले नव्हते; त्याच्याकडे होते ते रद्दीत मिळालेले छापील चित्रांचे एक पुस्तक. तरी खिडकीतून येऊन एखाद्या बाईच्या पांढऱ्या गळपट्टीवर थांबलेला त्यांचा उजेड त्याला स्वस्थ बसू देत नसे. मामीला खिडकीशी बसवून तो दोन वर्षे एकच चित्र रंगवत होता, आणि तिचा पदर दर वेळी खडूसारखा उतरत होता. "माझा पांढरा मेलेला आहे गं," तो म्हणे.

मी तेव्हा रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि उत्तर देण्याची मला घाई असे. तुझा पांढरा जस्ताचा, त्यांचा शिशाचा, असे मी सांगितले. तेवढ्यावर न थांबता प्रयोगशाळेतून शिशाचे पत्रे न विचारता आणले आणि जवळच्या तबेल्यात, शेणाच्या उबेत, व्हिनेगरच्या मडक्यांत ठेवून जुन्या पद्धतीने तो रंग तयार केला. शेणात पुरून साहेबाचा उजेड उगवतो का, असे मामीने हसून विचारले होते. बरणीवर मी 'विषारी' असे लिहिले आणि माझे कर्तव्य संपले असे मानले.

भुकटी उडू नये म्हणून मामा पंखा बंद करून, खिडक्या लावून ती घोटत बसे. आधी पोटात कळा आल्या. डॉक्टरांनी आम्लपित्त ठरवले. मग उजवे मनगट लोंबू लागले. एका रविवारी तो हसला, आणि हिरड्यांच्या कडेने मला निळसर रेघ दिसली… शिशाच्या विषबाधेची ती खूण मी ओळखली. पत्र्यांची चौकशी झाली तर परदेशी विद्यापीठातल्या प्रवेशाचे शिफारसपत्र हुकेल, या भीतीने मी दोन महिने गप्प राहिले. डॉक्टरांना सांगितले तेव्हा मूत्रपिंडे निकामी झाली होती.

तेराव्यानंतर मी मामीला सगळे सांगितले. ती तांदूळ निवडत होती.

"विष आहे ते ह्यांना ठाऊक होतं. तो रंग आल्यापासून मला खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. माझं चित्र आठवणीतून काढत होते." मग सूप खाली ठेवून म्हणाली, "पण तुला कळलं होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आता खोली तूच पूस."

नाकावर ओला रुमाल बांधून मी खोली पुसली. चित्र भिंतीला टेकून उभे होते. मामीच्या पदरावर उजेड थांबला आहे… त्याला हवा होता, अगदी तसाच.